मदत हवी आहे : जेवलं की आईच्या छातीत धडधड, गॅस आहे का हृदय?

कपाशी_घाटंजी
लवकर सांगा कोणी. तीन हप्त्यांपासून आई जेवली की पोट फुगते, करपट ढेकरा येतात अन् मग छातीत धडधड सुरू होते. पंधरा-वीस मिनिटं चालते, मोठा ढेकर आला की कमी होते. तालुक्याला ईसीजी काढला, नॉर्मल निघाला. गॅस आहे म्हणाले. आईले भेव वाटते, बाबा असेच हृदयानं गेले. वेचणी सुरू आहे, घरी दुसरं कोणी नाही, यवतमाळले घडीघडी जाणं होत नाही. गॅसनं एवढी धडधड होते का, एवढंच सांगा.

वर्धेकर
वय किती? बीपी, शुगर? ईसीजी काढताना धडधड सुरू होती का?

ओवा_हिंग
भाऊ, ओवा भाजून सैंधव मिठासोबत द्या, बेंबीभोवती हिंग लावा. माझ्या सासूबाईंची धडधड चार दिवसांत गेली. मशीनच्या मागे लागू नका.

वर्धेकर
ओवा द्या, पण तपासणी थांबवा असं सांगू नका हो. वडील हृदयानं गेलेत, वाचलं नाही का?

ओवा_हिंग
मी थांबवा म्हटलं का? अनुभव सांगितला.

कपाशी_घाटंजी
वय ५८. बीपी-शुगर नाही. ईसीजीच्या वेळी धडधड नव्हती, सकाळी उपाशीपोटीच नेलं होतं.

सिस्टर_निवृत्त
मग तो ईसीजी अर्धीच गोष्ट सांगतो. ती पट्टी साधारण १० सेकंदांची असते, त्या वेळी ठोका बिघडला नसेल तर त्यात येणार कुठून? २४ तासांचं होल्टर, म्हणजे दिवसभर ठोके नोंदवणारं अंगावरचं यंत्र, लावायला विचार.
तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो, होऊ शकते. जठर फुगलं की छाती आणि पोटामधला पडदा वर ढकलला जातो, त्याच्यावरच हृदय टेकलेलं असतं; शिवाय पोट आणि हृदय दोन्हीकडे जाणारी व्हेगस नस एकच. लुडविग रोमहेल्ड नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हे फार पूर्वी मांडलं. पण ढेकरेनं बरं वाटलं म्हणून गॅसच आहे असं धरायचं नाही. हृदयाच्या दुखण्यालाही लोक गॅस समजून बसतात, वॉर्डात मी हे फार पाहिलं. हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासलं का? तंबाखू-सुपारीचा खर्रा, चहा किती? गोळ्या कोणत्या?

विदर्भपुत्र
घाटंजीकडे कापसाला यंदा काय भाव सुरू आहे? आमच्याकडे व्यापारी ओलाव्याच्या नावानं कापतात.

गोंदियाकर
महात्मा फुले योजनेचं कार्ड काढून ठेवा, ॲन्जिओप्लास्टीला कामी येते.

वर्धेकर
ॲन्जिओप्लास्टीचं नाव कोणी काढलं?

कपाशी_घाटंजी
रक्त तपासलं नाही. वेचणीत भूक मारायले खर्रा खाते, काळा चहा चार-पाचदा. गोळी गॅसचीच, मेडिकलवरून आणतो, रोज एक, दीड वर्ष झालं. गोळ्यांच्या पत्त्यावर पॅन्टोप्राझोल अन् डोमपेरिडोन लिहिलं आहे.

सिस्टर_निवृत्त
हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, बाळा. डोमपेरिडोननं काहींच्या हृदयाची लय बिघडते. युरोपच्या औषध नियामकानं २०१४ मध्ये ते सहसा एका आठवड्याच्या वर देऊ नका म्हणून सांगितलं. आणि पॅन्टोप्राझोलच्या जातीच्या गोळ्या वर्षभर चालल्या तर रक्तातलं मॅग्नेशियम उतरू शकते, त्यानंही ठोका चुकतो. कारण हेच असं मी म्हणत नाही. पत्ता डॉक्टरांपुढे ठेव, मॅग्नेशियम-पोटॅशियम करायला सांग. तोवर खर्रा बंद, रात्रीचं जेवण थोडं, जेवून लगेच आडवं पडू देऊ नको. चक्कर, घाम, दम किंवा छातीत दाब आला तर थांबू नको, १०८ ला फोन कर.

कपाशी_घाटंजी
उद्या पहिल्या एसटीनं यवतमाळच्या मेडिकल कॉलेजले नेतो. पत्ता खिशात टाकला. रस्त्यात धडधड झाली तर काय पाहू?

सिस्टर_निवृत्त
नाडी. तिच्या अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर आपली दोन बोटं ठेव, आपला अंगठा ठेवू नको. ३० सेकंद मोज, दुप्पट कर. ठोके सारखे पडतात का मधूनच चुकतात तेही पाहा, आणि वेळ घालून लिहून ठेव.