'डिप्लोमा म्हणजे अर्धी पदवी, उरलेली १८ महिन्यांत ऑनलाइन' हे खपवणं बंद करा

टूलरूम

गेले काही दिवस इंजिनिअरिंग डिप्लोमावाल्यांच्या ग्रुपमध्ये एक पोस्ट फिरते आहे. सार असं: 'डिप्लोमा केलात म्हणजे अर्धी पदवी झालीच. उरलेली १८ महिन्यांत घरबसल्या ऑनलाइन बीबीए करून पुरी करा, सुपरवायझरचे मॅनेजर व्हा.' खाली फोन नंबर देणाऱ्यांची रांग लागली आहे. पोरं ओव्हरटाइमचे पैसे यात घालणार आहेत, म्हणून जरा लांब लिहितो.

दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा बीबीए, बीकॉमच्या प्रवेशाला बारावीच्या जागी चालतो. त्यापुढे काही नाही. थेट दुसऱ्या वर्षाची सोय इंजिनिअरिंगच्या पदवीला आहे. एसओएम (स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स) आणि थर्मल अशा इंजिनिअरिंगच्या विषयांचे मार्क अकाउंटिंगच्या बदल्यात कोणी धरत नाही.

मग हे १८ महिने आले कुठून? तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटची, क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं एकक. ही क्रेडिट विद्यार्थ्याच्या नावावर जमा ठेवणाऱ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (एबीसी) नियमाप्रमाणे निदान निम्मे क्रेडिट पदवी देणाऱ्या विद्यापीठातूनच मिळवावे लागतात. म्हणजे ६० बाहेरचे, ६० तिथले. सत्राला २० धरले की तीन सत्रं, झाले १८ महिने. पोस्ट फिरवणारा एजंट इथेच थांबतो. बाहेरचे ६० त्याच अभ्यासक्रमात बसणारे हवेत, बँकेत जमा असायला हवेत, आणि जमा क्रेडिटची मुदत जास्तीत जास्त ७ वर्षं आहे, यातलं तो काही बोलत नाही. २०१२ ला डिप्लोमा झालेल्याच्या खात्यात काय असणार? शून्य.

वेळेचंही बघा. दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमात एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरतात. १२० गुणिले ३०, म्हणजे ३,६०० तास. तीन वर्षांत वाटले तर आठवड्याला २३. ए, बी, सी पाळी फिरणाऱ्याने हे तास कुठून काढायचे?

एवढं करून प्रॉडक्शन, मेंटेनन्स, क्वालिटीतल्या असिस्टंट मॅनेजरच्या जाहिरातीत असतं काय? 'बी.ई., बी.टेक., किंवा डिप्लोमा आणि इतका अनुभव.' बीबीए घेतली तरी माणूस 'डिप्लोमा आणि अनुभव' याच रांगेत उभा, आणि त्या रांगेत तो आधीपासूनच होता.

मीनल_नाशिक

१८ महिन्यांची पोस्ट खोटी आहे, मान्य. पण त्यावरून ऑनलाइन पदवीच निरुपयोगी, ही उडी कशी मारलीत? व्यवस्थापन म्हणजे फक्त शॉपफ्लोअर नव्हे. पर्चेस, स्टोअर्स, लॉजिस्टिक्स, सेल्स, सर्व्हिस, व्हेंडर डेव्हलपमेंट इथे 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' ही अट असते आणि तिथे डिप्लोमावाला पहिल्याच चाळणीत गळतो. ड्रॉइंग वाचता येतं, कास्टिंगचा दर कशाने वाढतो हे कळतं, आणि तरी अर्ज पुढे जात नाही, कारण पदवीचा रकाना रिकामा. तो रकाना भरणं हेच या पदवीचं काम.

दुसरं, एमबीए. सीईटीला पदवी ५० टक्क्यांनी, राखीव प्रवर्गाला ४५ टक्क्यांनी लागते. कोणत्या शाखेची, हे कोणी विचारत नाही. राज्यसेवेलाही शाखा कोणतीही चालते. आणि 'ऑनलाइन पदवी चालत नाही' हे कृपया कोणी लिहू नका. दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाच्या २०२० च्या विनियमातल्या २२ व्या कलमाचा हवाला देऊन यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे.

वाळूज_लाइन_२

दोघंही मूळ मुद्दा सोडून बोलताय. डिप्लोमावाल्याला अर्धी पदवी 'झालीच' असा जो एकमेव रस्ता आहे, त्याचं नाव कोणी घेईना. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी बी.ई., बी.टेक. सुरू केलं आहे. डिप्लोमावर थेट दुसरं वर्ष, वर्ग कामाच्या वेळेबाहेर, निदान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव, आणि कंपनी कॉलेजपासून ठरावीक अंतराच्या आत. तीन वर्षांत इंजिनिअरिंगची खरी पदवी. बीबीएलाही तीनच वर्षं लागतात. मग बीबीए का करायची, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

तिसरी_पाळी

मी समजावतो. संध्याकाळचा वर्ग म्हणजे जनरल शिफ्टवाल्याची सोय. सेकंड शिफ्टला असलेला माणूस सहा वाजता लाइन सोडून कॉलेजात जाणार? पाळ्यांचं रोटेशन बंद करायला प्लांट हेड तयार नसतो, आणि एचआरकडून अनुभवाचं, ना-हरकतीचं पत्र काढायचं म्हणजे महिनोन्‌महिने खेटे. साहेबांना वाटतं शिकला की जाणार. हा छळ नेमाने चालतो आणि त्यावर कोणी लिहीत नाही.

दुसरी अडचण गणिताची. थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्याने पहिल्या वर्षाचं एम-१, एम-२ केलेलं नसतं आणि समोर एकदम एम-३ येतं. लाप्लास, फूरिये, व्हेक्टर कॅल्क्युलस. कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला पोरगा कसाबसा निभावतो. पुस्तक सोडून दहा वर्षं झालेला त्याच एका विषयात अडकतो आणि पदवी तिथेच कुजते. म्हणून म्हणतो, झेपेल ती पदवी करा. वर्गात बसवून केलेली तेवढी खरी आणि बाकीच्या खोट्या, हे कोणी ठरवलं? पूर्वी एएमआयई, म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा होती, दूरस्थ बी.टेक. होतं. नोकरी करून लोक इंजिनिअर झालेच ना?

वाळूज_लाइन_२

दूरस्थ बी.टेक.चं उदाहरण देताय? त्यानेच तर लोक रस्त्यावर आले. ३ नोव्हेंबर २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढून वाचा. एआयसीटीईची मान्यता न घेता चार अभिमत विद्यापीठांनी पत्रद्वारा इंजिनिअरिंग चालवलं. २००१ ते २००५ च्या प्रवेशांच्या पदव्या निलंबित करून परीक्षेची संधी दिली, त्यानंतरच्या सरळ रद्द. त्या पदवीवर मिळालेल्या बढत्याही गेल्या. आजही इंजिनिअरिंगची पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन देता येत नाही. 'ऑनलाइन बी.टेक.' कोणी देऊ केली तर फोन ठेवून द्या.

तिसरी_पाळी

निकाल मला माहीत आहे, शिकवू नका. त्यात विद्यार्थ्याचा दोष काय होता तेवढं सांगा. विद्यापीठ अभिमत, सरकारनेच तो दर्जा दिलेला, मागाहून परवानग्याही दिलेल्या. माणूस त्या कागदावर विश्वास ठेवून शिकला, आणि शिक्षा त्यालाच.

मीनल_नाशिक

दोष विद्यार्थ्याचा नव्हता. न्यायालयानेही मिळालेले आर्थिक लाभ परत घेऊ नका असं म्हटलं होतं. पण एएमआयईला त्याच पंक्तीत बसवू नका. ती व्यावसायिक संस्थेची परीक्षा होती, सेक्शन ए आणि बी, आणि तिचा दर्जा फार वरचा मानला जात असे. तिथे ३१ मे २०१३ ही तारीख लक्षात ठेवायची. त्या दिवसापर्यंत नावनोंदणी झालेल्यांची एएमआयई पदवीच्या बरोबरीची धरतात. त्यानंतरच्यांना तो आधार नाही. अजूनही कोणी तिचे क्लास विकत असेल तर हे आधी विचारा.

तिसरी_पाळी

आणि तिची मान्यता काढून बदल्यात काय दिलं? दहा वर्षं जवळजवळ काही नाही. २०१३ नंतर डिप्लोमा झालेल्या बहुतेक नोकरदारांना इंजिनिअर व्हायचं तर नोकरी सोडा, एवढाच पर्याय उरला. २०२३ ला नोकरदारांसाठीचे हे वर्ग आले, तेही मोजक्या कॉलेजांत आणि मोजक्या शाखांत. चाकण, वाळूज, अंबडला निदान जवळ कॉलेज तरी आहे. एखाद्या साखर कारखान्यावरच्या डिप्लोमावाल्याने कुठे जायचं? माझा राग यावर आहे, आणि तुम्ही मला निकालाची तारीख सांगताय.

वाळूज_लाइन_२

राग रास्त आहे. पण त्या रागापोटी पोरांना 'काहीही चालतं' असं सांगू नका. बढत्या रद्द झाल्या त्यांनाही कोणीतरी 'सगळे करतात, चालतं' असंच सांगितलं होतं.

तिसरी_पाळी

काहीही चालतं असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लिहिलं तेवढंच वाचा.

जुबैलहून

आखाताकडे डोळे असतील त्यांनी हेही वाचा. सौदीत इंजिनिअर या पदासाठी सौदी कौन्सिल ऑफ इंजिनिअर्सची नोंदणी लागते आणि तिथे इंजिनिअरिंगचीच पदवी बघतात. डिप्लोमावाल्याची नोंद टेक्निशियन म्हणून होते. वरून बीबीए जोडली तरी वर्ग बदलत नाही. मॅनेजरचं काम करणारा माणूस इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, टेक्निशियनच राहतो. त्यामुळे इकडे यायचं ठरवलेल्याने वाळूजवाल्यांचं ऐकावं.

टूलरूम

चर्चा भलतीकडे गेली, परत येऊ. मीनल यांचा पर्चेस, लॉजिस्टिक्सचा मुद्दा मी लिहायला हवा होता, तेवढा मान्य करतो. पण पोस्ट वाचून पैसे भरणारे बहुतेक जण प्रॉडक्शनमधले आहेत आणि त्यांना प्रॉडक्शनमध्येच वर जायचं आहे. तिथे अडतं कुठे? कॅपेक्सचा, म्हणजे मशीनसारख्या भांडवली खर्चाचा, प्रस्ताव लिहिता येत नाही. मशीन ४० लाखांचं, महिन्याला ८० हजार वाचणार, म्हणजे पेबॅक, पैसे वसूल व्हायचा काळ, ५० महिने. फायनान्सला ३६ च्या आत हवा, मग बचत कुठे वाढेल, सायकल टाइममध्ये की रिजेक्शनमध्ये? कॉस्ट शीटमध्ये ओव्हरहेड, म्हणजे वरखर्च, कशावर लादला आहे? हे ज्याला येतं त्याला 'डिप्लोमा आणि अनुभव' या रांगेतूनही वर घेतात. त्यासाठी तीन वर्षं आणि एवढी फी कशाला?

मीनल_नाशिक

कारण ओव्हरहेड, मार्जिनल कॉस्ट, ब्रेक-इव्हन हे बीबीए-बीकॉमच्या कॉस्टिंगमध्येच शिकवतात! फीचं म्हणाल तर इग्नू आणि मुक्त विद्यापीठ आहेत, खासगी ऑनलाइन विद्यापीठांच्या कितीतरी खाली. मुक्त विद्यापीठाचं बीकॉम केलं तर 'कोणताही पदवीधर' या अटीला तेवढंच चालतं. चकचकीत ॲप आणि 'प्लेसमेंट असिस्टन्स' यांचे पैसे वेगळे मोजायची गरज नाही.

टूलरूम

बीकॉम, मुक्त विद्यापीठातून, पूर्ण तीन वर्षं, पदवीचा रकाना भरण्यासाठी. यावर माझी हरकत नाही. '१८ महिने' आणि 'मॅनेजर व्हा' या दोन गोष्टींवर आहे आणि राहील.

अंबड_स्टोअर्स

वाद चालू द्या, पण ज्यांनी ठरवलंच आहे त्यांच्यासाठी प्रवेशाच्या वेळी अडतं ते लिहून ठेवतो.

आधी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या, म्हणजे डेबच्या संकेतस्थळावर यादी बघा. नुसतं विद्यापीठ यादीत आहे हे पुरत नाही. मान्यता कोणत्या अभ्यासक्रमाला, कोणत्या सत्रासाठी आणि ऑनलाइन की दूरस्थ, हे तिन्ही जुळायला हवं. गेल्या सत्राची मान्यता दाखवून या सत्राची फी घेतात, तिथे फसगत होते. फ्रँचायझी चालवायला परवानगी नाही, त्यामुळे 'आमच्या सेंटरवर कॅश भरा' म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरा. हप्त्यांवर सही करण्याआधी ते विद्यापीठाचे हप्ते आहेत की फायनान्स कंपनीचं कर्ज, हे वाचा. कर्ज असेल तर शिक्षण सोडलं तरी हप्ता सुटत नाही.

२०२४ पासून प्रवेशाला डेब-आयडी सक्तीचा आहे आणि तो काढायला आधी एबीसी आयडी, म्हणजे वर आलेल्या क्रेडिट बँकेतला खाते क्रमांक, लागतो. इथे आपल्याकडच्या मुलांचं हमखास नाव अडतं. दहावीच्या आणि डिप्लोमाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी आणि आडनाव शेवटी, कधी वडिलांचं नावच गायब. एबीसी आधारवरून बनतो, म्हणून अर्ज भरायच्या आधी आधार मार्कशीटप्रमाणे दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जवळ ठेवा.

परीक्षेचंही विचारून घ्या. गुणांत अंतर्गत मूल्यमापन जास्तीत जास्त ३० टक्के, सत्रान्त परीक्षा निदान ७०, म्हणजे असाइनमेंटवर तरून जाता येत नाही. परीक्षा घरून प्रॉक्टर्ड, म्हणजे कॅमेऱ्यावरून देखरेखीखाली, असेल तर खोलीत दुसरं माणूस चालत नाही, कॅमेऱ्यात मागून कोणी गेलं तरी पेपर धोक्यात येतो. चौघं मिळून एका खोलीत राहत असाल तर त्या दिवसाची सोय आधी लावा. केंद्रावर परीक्षा असेल तर तारीख आली की लगेच शिफ्ट बदलीचा अर्ज द्या, हॉल तिकिटाची प्रत जोडून.

वाळूज_लाइन_२

याला विरोध नाही. एकच जोडतो: नोकरदारांच्या बी.ई.चं वेळापत्रकही त्याच वेळी बघून ठेवा. डिप्लोमाला ४५ टक्के, राखीवला ४० असतील तर अर्ज करता येतो. एका वर्षी कॉलेज जवळ नसलं तरी पुढच्या वर्षी यादी पुन्हा बघा, नवीन कॉलेजं येतात.

तिसरी_पाळी

यादी बघतो. पण अर्जाला कंपनीचं पत्र लागतं, आणि ते एचआरने ठरावीक दिवसांत द्यायलाच हवं असा नियम होत नाही तोवर रोटेशनवाल्याला या रस्त्याचा उपयोग नाही. तुमच्यापैकी जे एचआरमध्ये आहेत त्यांनी यावर लिहा. अजून एकानेही लिहिलेलं नाही.