मदत हवी आहे: १९७८ च्या फोर्ड ट्रकचा चोक उघडतच नाही. नळी बदलू की विजेचा चोक लावू?

नमस्कार मंडळी,

मिशिगनमध्ये राहतो. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या आजोबांकडून १९७८ चा फोर्ड एफ-१५० घेतला. ३०० क्यूबिक इंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन, वर सिंगल बॅरल कार्टर वायएफ कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग). बायको त्याला 'तुझी म्हैस' म्हणते.

थंडीत म्हैस लगेच उठते, तक्रार नाही. पण दहा-पंधरा मिनिटं झाली तरी चोकची झडप (थंड इंजिनात हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवते ती) अर्धी मिटलेलीच. मागून काळा धूर, प्लग काजळीने माखलेले, आणि आता इंजिन ऑइललाही पेट्रोलचा वास येतोय. त्याचीच जास्त धास्ती आहे.

गावी पद्मिनी होती, तिला डॅशबोर्डवर चोकचा नॉब. ओढला, गाडी तापली, आत ढकलला. इथे ते काम गुंडाळलेली द्विधातू स्प्रिंग (उष्णतेने हलणारी, दोन धातूंची) करते आणि तिला तापवायला एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून गरम हवेची नळी येते. त्या स्प्रिंगवरची टोपी काल उघडली तर आत शेगडीसारखी काजळी! नळी हलवून पाहिली, मॅनिफोल्डपाशी बिस्किटासारखी तुटली.

माझे प्रश्न:
नळी नवी घालावी का? मॅनिफोल्ड बिडाचं आहे, गंजलेला तुकडा ड्रिलने काढताना तडा जाईल अशी भीती वाटते.
की विजेची टोपी (स्प्रिंगला विजेने तापवणारी) लावून मोकळं व्हावं? मग वायर कुठून घ्यायची? एका दुकानदाराने 'इग्निशन कॉइलवरून घे' असं सांगितलं, ते पटलं नाही.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

पटलं नाही हे बरंच झालं. कॉइलच्या वायरीत रेझिस्टन्स असतो, तिथे पूर्ण १२ व्होल्ट मिळत नाहीत आणि वर स्पार्क कमजोर होतो.

काजळीचं कारण सांगतो. इंजिनचा व्हॅक्यूम त्या नळीतून स्वच्छ गरम हवा ओढतो. नळी मॅनिफोल्डच्या आत गंजून फुटली की हवेऐवजी एक्झॉस्टचा धूरच ओढला जातो. काजळीने वाट बुजते, मग स्प्रिंगला ऊब मिळत नाही. म्हणजे तुमची स्प्रिंग कदाचित ठणठणीत असेल. टोपी काढून केस वाळवायच्या ड्रायरने तापवून बघा, हलली तर ठीक.

तो तुकडा ड्रिल करत बसू नका. मी माझ्या जुन्या गाडीला स्टीलच्या ब्रेक लाइनचे तीन-चार वेढे मॅनिफोल्डला बाहेरून घट्ट बसवले, एक टोक चोकला, दुसरं एअर फिल्टरच्या आतल्या बाजूला. मजेत चालते. पण मॅनिफोल्डची जुनी भोकं नीट बंद करा. तिथून गळलेला कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये यायला वेळ लागत नाही, आणि थंडीत काचा तुम्ही उघडणार नाही.

प्रतिसाद २

मी विजेच्या पक्षात. दोन गोष्टी सांभाळा.

अल्टरनेटरच्या स्टेटर टर्मिनलवरून वायर घेऊ नका. तिथे साधारण ७ व्होल्ट असतात. फोर्डच्या मूळ इलेक्ट्रिक असिस्टला (गरम हवेच्या जोडीला मदत करणाऱ्या छोट्या विजेच्या हीटरला) ते पुरतात, पण १२ व्होल्टच्या टोपीला तिथे जेमतेम एक तृतीयांश उष्णता मिळेल. किल्लीवर चालू होणारी फ्यूज असलेली वायर घ्या आणि मध्ये ऑइल प्रेशर स्विच (इंजिन चालू असतानाच वीज सोडणारा) टाका. नाहीतर किल्ली फिरवून रेडिओ ऐकत बसलात की इंजिन थंड असतानाच चोक उघडून बसेल.

दुसरं, चोकच्या डब्यात जिथे गरम हवेची नळी शिरते ते भोक बंद करा, नाहीतर तिथून धूळ ओढली जाईल. फक्त बाहेरचं. आतला व्हॅक्यूम पिस्टनचा मार्ग चुकूनही बुजवू नका. अर्थिंगची वायर विसरू नका.

आणि हो, ऑइल आधी बदला. पेट्रोल मिसळलेल्या ऑइलवर ट्रक पळवायचा नाही.

धागाकर्ता

दोघांचे आभार. ड्रायरवर स्प्रिंग झकास हलली, तरी विजेचंच केलं. भोकं बंद केली, ऑइल बदललं, काळा धूर गेला. आता उलटं दुखणं: दोन मिनिटांत चोक पूर्ण उघडतो, बाहेर उणे ८ सेल्सियस असताना इंजिन अजून थंडच, म्हैस उचक्या देते. टोपी बदलावी लागेल का?

प्रतिसाद २

अजिबात नाही. टोपीचे तीन स्क्रू सैल करा, 'रिच' (जास्त पेट्रोल) कडे एक खूण फिरवा, घट्ट करा. गाडी रात्रभर बाहेर ठेवून सकाळी बघा. तरीही उचकी लागली तर आणखी एक खूण. एका वेळी एकच.