लंडनमध्ये चार दिवस : सात वर्षांचा मुलगा, पंधरा वर्षांची मुलगी आणि न जमणारे वेळापत्रक

प्रश्न

ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात आम्ही चौघे भारतातून लंडनला जाणार आहोत. हाताशी चार दिवस आहेत, परंतु पहिल्या दिवशी विमान दुपारी उतरणार असल्यामुळे पूर्ण दिवस तीनच मिळतील. मुलगा सात वर्षांचा आहे आणि त्याला डायनासोर व आगगाड्या यांपलीकडे फारसे काही नको असते. मुलगी पंधरा वर्षांची आहे. ती चित्रे काढते, तिला बाजारांतून रमतगमत हिंडायला आवडते आणि धाकट्या भावाच्या गतीने दिवसभर चालावे लागणार या कल्पनेनेच ती नाराज आहे.

मी जी यादी केली आहे, तिच्यात टॉवर ऑफ लंडन, लंडन आय, बकिंगहॅम राजवाड्यासमोरील पहारा बदलण्याचा सोहळा, ब्रिटिश म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम, सायन्स म्युझियम, ग्रीनिच, कॅम्डेनचा बाजार आणि एका संध्याकाळी नाटक इतके सारे आहे. ही यादी तीन दिवसांत बसणार नाही हे मलाही दिसते, परंतु यातले काय गाळावे आणि उरलेले कोणत्या क्रमाने करावे, हे ठरत नाही. दोन्ही मुलांना ही सहल आपली वाटावी अशी मनापासून इच्छा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

तुमच्या यादीतील प्रत्येक ठिकाण पाहण्यासारखेच आहे, त्यामुळे काय गाळावे याचा विचार ठिकाणांच्या गुणवत्तेवरून न करता मुलांच्या शरीराच्या घड्याळावरून करावा असे मी सुचवेन. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधील घड्याळे एक तास मागे जातात. त्यानंतर भारतातील रात्रीचे साडेनऊ म्हणजे लंडनमधील दुपारचे चार असतात आणि सूर्यही साडेचारनंतर लवकरच मावळतो. सात वर्षांचा मुलगा पहिले दोन-तीन दिवस तरी दुपारी चारनंतर पेंगुळलेला असेल आणि पहाटे तुमच्या आधी उठून बसलेला असेल. तेव्हा सकाळचे नाटक मिळत नसेल तर संध्याकाळचे नाटक चौघांसाठी तरी यादीतून काढून टाकावे. मोठे ठिकाण रोज एकच ठेवावे, त्याचे दार उघडण्याच्या वेळी तिथे पोहोचावे आणि जेवणानंतरचा वेळ मोकळा सोडावा.

दुसरी गोष्ट अशी की, हाच आठवडा तिकडच्या शाळांच्या मधल्या सुट्टीचा असतो, आणि त्या आठवड्यात साऱ्या इंग्लंडमधील आईवडील आपापल्या मुलांना घेऊन डायनासोर पाहायला येतात. नॅचरल हिस्टरी म्युझियम आणि सायन्स म्युझियम या दोन्ही ठिकाणी प्रवेश विनामूल्य आहे, तरीही वेळ निश्चित केलेले तिकीट संकेतस्थळावरून आधीच घेऊन ठेवावे आणि ते सकाळी दहाचे, म्हणजे अगदी पहिले असावे. आत गेल्यावर मोठ्या दालनात छताला टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा दिसतो. तो २५ मीटरांहून अधिक लांब आहे आणि त्याचे नाव ‘होप’ असे ठेवलेले आहे. तिथे रेंगाळण्याचा मोह होतो, परंतु तो थोडा वेळ बाजूला ठेवून आधी थेट डायनासोरांच्या दालनाकडे जावे. तिथला हलणारा, गुरगुरणारा टी-रेक्स पाहण्यासाठी अकरानंतर जी रांग लागते, तीत मुलाचा सारा उत्साह संपून जातो. देवमासा परत येताना निवांत पाहता येतो.

आता तुमच्या मुलीविषयी. या संग्रहालयासमोर रस्ता ओलांडला की व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आहे, आणि चित्रे काढणाऱ्या मुलीसाठी लंडनमध्ये याहून चांगली जागा मला सुचत नाही. तिथेही प्रवेश विनामूल्य आहे. वस्त्रे, दागिने, मातीची भांडी, लोखंडी जाळीकाम असे सगळे तिथे आहे. शिवाय प्लास्टरच्या प्रतिकृतींच्या दालनात रोममधील ट्राजनच्या स्तंभाची पूर्ण आकाराची प्रतिकृती दोन तुकड्यांत उभी केलेली आहे, कारण ती एकसंध उभी करण्याइतके छत उंच नाही. दालनांत बसून पेन्सिलीने रेखाटन करायला हरकत नसते. त्या सकाळी एका पालकाने मुलाबरोबर आणि दुसऱ्याने मुलीबरोबर जावे, आणि जेवायला चौघांनी एकत्र यावे. सहल एकत्र आहे म्हणून प्रत्येक तास एकत्र घालवलाच पाहिजे असा आग्रह धरला, की मोठीला कंटाळा येतो, धाकटा रडकुंडीला येतो आणि दोघांमध्ये समेट घडवण्यातच आईवडिलांचा दिवस जातो. सायन्स म्युझियम त्याच रस्त्यावर असले तरी त्याच दिवशी त्यात शिरू नये.

बकिंगहॅम राजवाड्यासमोरील सोहळा मी गाळेन. तिथे बराच वेळ आधी जाऊन उभे राहावे लागते आणि सात वर्षांच्या मुलाला समोरच्यांच्या पाठीच दिसतात. त्याऐवजी व्हाइटहॉलवरील हॉर्स गार्ड्सच्या आवारात रोज सकाळी अकराला (रविवारी दहाला) घोडेस्वारांचा पहारा बदलतो. तिथे गर्दी कमी असते आणि घोडे अगदी जवळून दिसतात. त्याच्या मागेच सेंट जेम्स पार्क आहे. त्या बागेच्या तळ्यात सतराव्या शतकापासून पेलिकन पाळलेले आहेत आणि दुपारी अडीचच्या सुमारास त्यांना मासे घालतात.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादात प्रवासखर्चाचा मुद्दा राहिला आहे आणि तुमच्या मुलांच्या वयांमुळे तो महत्त्वाचा ठरतो, म्हणून थोडक्यात लिहीत आहे.

अकरा वर्षांखालील मुले मोठ्यांबरोबर असतील तर ट्यूब (लंडनची भुयारी रेल्वे), बस, डीएलआर (पूर्व लंडनकडे जाणारी हलकी रेल्वे) आणि एलिझाबेथ लाइन ही रेल्वे यांवर विनामूल्य प्रवास करतात, त्यामुळे धाकट्यासाठी कार्ड घेण्याची गरज नाही. अकरा ते पंधरा या वयोगटासाठी ‘यंग व्हिजिटर’ नावाची सवलत आहे. मुलीसाठी ऑयस्टर कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचे प्रवासाचे कार्ड, घेऊन, ती समोर असताना, स्थानकावरील कर्मचाऱ्याकडून ही सवलत त्या कार्डावर चढवून घ्यावी. ती चौदा दिवस टिकते आणि भाडे मोठ्यांच्या निम्मे लागते. हीथ्रो विमानतळाच्या ट्यूब स्थानकावरच हे काम उरकून घेतलेले बरे. सोळा वर्षे पूर्ण झाली की ही सवलत मिळत नाही, त्यामुळे प्रवासाच्या तारखेला तिचे वय किती असेल ते पाहून ठेवा. हॉटेलची खोली घेतानाही वयाची अट वाचा, कारण कौटुंबिक खोलीत कोणत्या वयापर्यंत मूल धरतात हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते.

तुम्ही दोघे बँकेच्या संपर्करहित कार्डाने प्रवास करू शकता, मात्र प्रत्येकाचे कार्ड स्वतंत्र हवे आणि दिवसभर तेच वापरायला हवे, नाहीतर दिवसाच्या कमाल भाड्याची मर्यादा लागू होत नाही. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. थेम्सवरील बोटीत हेच कार्ड चालते, परंतु तिचे भाडे निराळे असते, ते दिवसाच्या मर्यादेत धरत नाहीत आणि सात वर्षांच्या मुलाचेही निम्मे तिकीट लागते.

प्रतिसाद ३

माझे मत पहिल्या प्रतिसादाशी बरेचसे जुळते, परंतु ‘रोज एकच मोठे ठिकाण’ हा नियम ग्रीनिचच्या बाबतीत अधिकच कसोशीने पाळावा असे मला वाटते, कारण ग्रीनिच हा पूर्ण दिवसाचा विषय आहे आणि तुमच्या दोन्ही मुलांना एकाच वेळी आवडेल अशी यादीतील ती एकमेव जागा आहे. जाताना बँक स्थानकावरून लुइशमला जाणारी डीएलआर घ्यावी आणि कटी सार्क स्थानकावर उतरावे. या गाडीला चालकाची खोली नसते. सर्वांत पुढची जागा मिळाली, तर आगगाड्यांचे वेड असलेल्या मुलाला समोरचे रूळ, वळणे आणि नदीखालचा बोगदा हे सगळे जणू स्वतः गाडी हाकत असल्याप्रमाणे पाहता येते. ती जागा मिळावी म्हणून एखादी गाडी सोडून द्यावी लागली तरी सोडा.

कटी सार्क हे १८६९ साली बांधलेले चहाची वाहतूक करणारे जहाज आहे. ते उंच उचलून ठेवलेले असल्यामुळे त्याच्या तळाखालून चालता येते. राष्ट्रीय सागरी संग्रहालय विनामूल्य आहे. ट्रफल्गारच्या सागरी लढाईत ब्रिटिश नौसेनापती नेल्सनच्या अंगावर असलेला, खांद्याजवळ गोळीचे भोक पडलेला कोट तिथे ठेवला आहे, आणि इतिहासाचा कंटाळा असलेली मुलेही त्यासमोर थांबतात. ग्रीनिचचा छप्पर असलेला बाजार हस्तकलेच्या वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. तो आटोपशीर आहे, त्यामुळे मुलीला तिथे तासभर तिच्या मनाप्रमाणे हिंडू देता येईल. परतताना मात्र बोटीने या, कारण टॉवर ब्रिजखालून जाणारी ती बोट म्हणजे परतीच्या प्रवासातच झालेली नदीची सहल आहे. चारच्या आधी निघालात तर उजेडही मिळेल.

टॉवर ऑफ लंडनविषयी मी ठाम आहे. ते गाळू नका. सकाळी दार उघडताच आधी राजरत्नांकडे जा. तिथे सरकत्या पट्ट्यावरून मुकुट पाहावे लागतात आणि राजमाता एलिझाबेथ यांच्यासाठी १९३७ साली घडवलेल्या मुकुटात कोहिनूर आहे. तो आपल्याकडून तिथे कसा पोहोचला, ही गोष्ट पंधरा वर्षांच्या मुलीला आदल्या रात्री नीट सांगून ठेवावी, म्हणजे तिला तिथे नुसता हिरा दिसणार नाही. धाकट्यासाठी कावळे आहेत, चिलखते आहेत आणि पहारेकऱ्यांनी तिकिटातच करून दिलेली गोष्टीवेल्हाळ फेरी आहे.

लंडन आय महाग आहे आणि अर्ध्या तासात संपते. उंचावरून शहर पाहायचे असेल तर स्काय गार्डन ही उंच इमारतीच्या माथ्यावरील बाग विनामूल्य आहे, फक्त तिथली वेळ काही आठवडे आधी राखून ठेवावी लागते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या दुपारी सेंट जेम्स पार्क, दुसऱ्या दिवशी साऊथ केन्सिंग्टन (म्हणजे डायनासोर आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट ही संग्रहालये), तिसऱ्या दिवशी ग्रीनिच आणि चौथ्या दिवशी सकाळी टॉवर असे आता ठरवत आहे. ब्रिटिश म्युझियम आणि नाटक सोडून दिले. आता एकच अडचण उरते. चौथ्या दिवशीची दुपार मुलीला कॅम्डेनमध्ये हवी आहे आणि तिथे तिला एकटीने फिरू द्यावे, असा तिचा आग्रह आहे. परक्या शहरात इतकी मोकळीक द्यावी का?

प्रतिसाद ४

मी किशोरवयीन मुलामुलींना शिकवते, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर द्यावेसे वाटले. मोकळीक द्यावी, परंतु ती आधी लहान जागेत देऊन पाहावी. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये दुसऱ्या दिवशी तिला दीड तास एकटीने राहू द्या. बरोबरचे पालक उपाहारगृहात बसतील. ठरलेल्या वेळी ती ठरलेल्या जागी आली, तर ग्रीनिचच्या बाजारात तसेच करा. मग कॅम्डेनचा प्रश्न तुमच्या दोघींमध्ये विश्वासाने सुटेल. कॅम्डेनचा बाजार मोठा आहे, गल्ल्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि शनिवार-रविवारी तिथे चालणेही कठीण होते. तिथे पूर्ण दुपार एकटीने फिरण्यापेक्षा, तुम्ही कालव्याच्या काठी बसून राहावे आणि तिने तासाभराने येऊन भेटावे, हे मला योग्य वाटते.

भेटण्याची जागा फोनवर अवलंबून नको, ती डोळ्यांनी पाहून ठरवलेली हवी. लंडनमध्ये सायकलवरून येऊन हातातील फोन हिसकावण्याचे प्रकार होतात, त्यामुळे पदपथाच्या कडेला उभे राहून नकाशा पाहू नये, दुकानात शिरून पाहावा, हे तिला आवर्जून सांगा. हॉटेलचा पत्ता आणि तुमचा क्रमांक कागदावर लिहून तिच्याजवळ असू द्या. ट्यूबमध्ये दार बंद होऊन कोणी मागे राहिले तर काय करायचे, हेही दोन्ही मुलांशी बोलून ठेवा. गाडीत असलेल्याने पुढच्या स्थानकावर उतरून तिथल्याच फलाटावर थांबायचे आणि मागे राहिलेल्याने पुढच्या गाडीने तिथे यायचे. धाकटा फलाटावर एकटा राहिला, तर मात्र त्याने गाडीत चढायचे नाही. त्याने तिथेच थांबून कर्मचाऱ्याला सांगायचे आणि तुम्ही मागे यायचे.

त्या दुपारी मुलाला दुसऱ्या पालकाने कॉव्हेंट गार्डनच्या लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियममध्ये न्यावे. सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथे तिकीट नाही, मोठ्यांना आहे. जुन्या घोडाबसपासून वाफेवर चालणाऱ्या भुयारी इंजिनापर्यंत सगळे तिथे आहे आणि त्याच्यासारख्या मुलाला तिथून बाहेर काढणेच अवघड जाते.

आणखी एक सुचवते. कॅम्डेनहून चॉक फार्म स्थानकाच्या बाजूला चालत गेले की किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाचे घर आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना, १९२१-२२ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर विकत घेतले आणि आता तिथे स्मारक आहे. जाण्यापूर्वी उघडण्याच्या वेळा पाहून घ्या. अभ्यासासाठी घरापासून इतक्या दूर येऊन राहिलेल्या एका विद्यार्थ्याची ती जागा तुमच्या मुलीने या वयात पाहावी, असे मला फार वाटते. तिथून प्रिमरोझ हिल अगदी जवळ आहे. टेकडी लहान आहे, परंतु वरून सारे शहर दिसते आणि तिला हवे असेल तर रेखाटनही करता येईल. घड्याळे मागे गेलेली असतील तर साडेतीनपर्यंत टेकडीवर पोहोचा. वही, पेन्सिली आणि वाऱ्यापुरते गरम कपडे बरोबर असू द्या.