आणीबाणी आलीच नसती, तर आज 'ऑपरेशन' कुणाचं झालं असतं?

ओसरी
आणीबाणी नसती तर काय, असं म्हटलं की बोलणं मिसाबंदी, सेन्सॉरशिप, जनता पक्ष इथंच फिरतं. मला घरातला फरक मोठा वाटतो. साठच्या दशकाच्या अखेरीस देशात होणाऱ्या नसबंद्या बहुतांशी पुरुषांच्या असत. जुलै १९७१ मध्ये केरळात एर्नाकुलमच्या शिबिरात साठ हजारांवर पुरुषांची नसबंदी झाली. मग १९७६-७७ मध्ये सक्ती आली, देशभरातला आकडा ८० लाखांच्या वर गेला आणि पुढच्याच वर्षी १० लाखांच्या आत कोसळला. 'कुटुंब नियोजन' हे नावही सरकारला नकोसं झालं, 'कुटुंब कल्याण' आलं. तेव्हापासून ऑपरेशन म्हणजे बाईचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री-नसबंदी सुमारे ३८ टक्के, पुरुषांची ०.३. ते एकवीस महिने नसते, तर हे ओझं निदान वाटून घेतलं गेलं असतं.

काळी माती
अजिबात पटत नाही. एर्नाकुलमला रोख पैसे आणि भेटवस्तू मिळत होत्या. गरिबानं पैशासाठी केलेल्या गोष्टीला समंजसपणा म्हणू नका. दुसरं, जबरदस्तीचा कहर उत्तरेत झाला. मग केरळात तरी आज पुरुष पुढे यायला हवे होते. तिथंही बायकांचंच होतं! पुरुषांना नकोच होतं, आणीबाणीनं त्यांना सांगायला कारण दिलं, एवढंच.

जुनी सिस्टर
मी १९७९ ला प्राथमिक आरोग्य केंद्रात लागले. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. सासू उंबऱ्यातच सांगायची, "त्याचं नको, त्याला औत धरायचंय. हिचंच करा." जणू सुनेला पाण्याचे हंडे उचलायचेच नव्हते. पण आमच्या वरिष्ठांनी मीटिंगमध्ये पुरुषांचं नाव काढलेलंही मला आठवत नाही. टार्गेट होतंच, ते बायकांवर पुरं व्हायचं. त्यात दुर्बिणीची शिबिरं आली, दिवसभरात रांगेनं बायका. १९७७ ला उत्तरेत मतपेटीतून काय निघालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं, पुरुषांना हात लावायची हिंमत कुणाची होणार?

ओसरी
काळी माती, केरळचा मुद्दा मान्य, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण सिस्टर सांगताहेत तेच मला म्हणायचंय: विचारणंच बंद झालं. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच मुंबईत १९७६ ला विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. पन्नास-पंचावन्न वर्षं समजावून सांगण्यात गेली, आणि ती एका वर्षात मातीमोल झाली.

काळी माती
समजावून सांगितलेलं खोल गेलं असतं, तर एका वर्षात वाहून गेलं नसतं. सिस्टर, ७७ च्या आधी आपल्याकडे पुरुष खरंच यायचे का?

जुनी सिस्टर
यायचे. माझ्या आधीच्या सिस्टर सांगायच्या, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणारे गडी यायचे. पैशाची गरज होती, ते खरंच. पण आठवड्याभरात तेच गडी परत कामावर असायचे, घण उचलायला. औत धरवणार नाही असं तेव्हा कुणी म्हणत नव्हतं.