दंग्यात घर जळालेला तो ‘भाडोत्री’ की ‘भाडेकरू’?

रामबागकर: दंग्यात घर जळालं तर किरायेदाराचे हक्क काय, असं एक हिंदी पत्रक इंदौरच्या आमच्या मोहल्ल्यासाठी मराठीत उतरवतोय. ‘किरायेदार’ला ‘भाडोत्री’ लिहिलं, तर आत्यानं लाल शाईनं खोडलं. म्हणे, “भाडोत्री गुंड असतात.” आमचे आजोबा वरच्या मजल्यावरच्यांना भाडोत्रीच म्हणायचे, आणि दिवाळीत फराळाचं ताटही पाठवायचे. काय ठेवू? आणि ‘दंगा’ला ‘दंगल’ चालेल ना?

सदाशिवपेठी: भाडेकरू. विषय संपला. ‘किरायेदार’ वगैरे हिंदी मराठीत आणू नये.

इमली बाजारची मावशी: अहो पुणेकर, आम्ही जन्मभर घराचा किराया भरला. भाडं टांग्याला द्यायचं.

सदाशिवपेठी: मावशी, ‘किराया’ मूळ अरबी, फारसीतून आलेला. ‘भाडं’ संस्कृत ‘भाटक’वरून.

जुनी इंदौरवाला: आमचे मास्तर सांगत, भाडेकरू भांडतो म्हणून ‘भाडं’. 😄

काळा कोट: शब्द कुठलाही घ्या, पण पत्रकात ‘भाडेपट्टा आपोआप रद्द होतो’ छापलंय ते आधी काढा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882, कलम 108 बघा. आग, वादळ, पूर, सैन्याचा किंवा जमावाचा हिंसाचार यांत जागेचा महत्त्वाचा भाग पार नष्ट झाला किंवा कायमचा निकामी झाला, तर पट्टा रद्द धरायचा की नाही हे पट्टेदारानं, म्हणजे जागा भाड्यानं घेणाऱ्यानं, ठरवायचं, मालकानं नव्हे. करारात वेगळं लिहिलं असेल तर गोष्ट निराळी. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की इमारत पडली तरी भाडेहक्क संपत नाही, कारण भाड्यानं दिलेल्या इमारतीत खालची जमीनही आली. मात्र पट्टा धरून ठेवलात तर भाडं थकवू नका.

सदाशिवपेठी: ‘पट्टेदार’ म्हटलं की मला वाघ दिसतो. ‘पट्टाधारक’ लिहा.

रामबागकर: इथे ‘पट्टा’ म्हटलं की लोकांना झोपडीचा सरकारी पट्टा वाटतो. त्यात आपला कायदा ‘मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम 1961’. घरभाड्याच्या कायद्याला ‘स्थान नियंत्रण’! आत्या म्हणाली, हा ट्रॅफिकचा का रे?

इमली बाजारची मावशी: 1984 च्या दंग्यात इथला होळकरांचा राजवाडा जळाला तेव्हा आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या धोतरांवर राख पडली होती. मालक आला नि म्हणाला, “वाडा गेला तर तुम्ही पण निघा.” आम्ही मुकाट्यानं भांडी बांधायला घेतली! हे कलम तेव्हा कोणी वाचून दाखवलं?

जुनी इंदौरवाला: ‘दंगल’ मुळीच लिहू नका. इथे दंगल म्हणजे कुस्त्या. ‘दंगलीत नुकसान झाल्यास’ वाचून लोक विचारतील, कुठल्या आखाड्यात?

सदाशिवपेठी: मराठीत दंगल म्हणजे दंगलच. हिंदीच्या धाकानं आपण शब्द का सोडायचा?

काळा कोट: ‘जमावाचा हिंसाचार’ लिहा, कायद्याला तेच लागतं. आणि सामानाचं विसरू नका. 2021 च्या राज्य कायद्यात खासगी मालमत्तेच्या भरपाईसाठी दावा न्यायाधिकरण आहे, 2022 मध्ये खरगोनच्या दंग्यानंतर तिथे नेमलं होतं. घर मालकाचं असलं तरी फ्रिज, गाद्या, शिलाई मशीन किरायेदाराचंच. बिलं नसतील तर निदान फोटो जपा.

इमली बाजारची मावशी: कोट, तुम्हीच ‘किरायेदार’ लिहिलंत!

सदाशिवपेठी: तडजोड म्हणून ‘बिऱ्हाडकरू’?

रामबागकर: आमचा प्रेसवाला ‘बिर्हाडकरू’ छापेल. मागच्या पत्रिकेत ‘कऱ्हाडे’चं ‘कर्हाडे’ झालं होतं.

सदाशिवपेठी: म्हणूनच म्हणतो, प्रूफं पुण्याला पाठवा.

जुनी इंदौरवाला: झालं सुरू!