कूपेच्या छताला झोळी पडलीय: वरच्या वर चिकटवू की पूर्ण उतरवू?

दोनदारी:
नमस्कार मंडळी. माझी जुनी दोन दारांची कूपे आहे. आधी बाबा चालवायचे, गेली सहा वर्षं मी चालवतेय. इंजिन ठणठणीत, गिअर अलगद पडतात, पत्र्याला कुठे गंज नाही. पण छताचं कापड सुटलंय आणि त्यापायी गाडी बाहेर काढायचा उत्साहच जायला लागलाय.

सुरुवातीला मागच्या काचेजवळ तळहाताएवढा फुगा दिसला. तेव्हा दुर्लक्ष केलं. यंदाच्या उन्हाळ्यात तो फुगा पुढे सरकत सरकत दिव्यापर्यंत आला. आता आरशात मागची काच अर्धीच दिसते, वरच्या अर्ध्यात नुसतं करडं कापड. गाडी मुळातच बुटकी, माझ्या डोक्यात आणि छतात जेमतेम चार बोटांचं अंतर. काच खाली करून जरा वेग घेतला की कापड फडफडत केसांवर येतं. परवा उतरले तर दोन्ही खांद्यांवर नारिंगी भुकटी पडलेली.

मी इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये गोंद भरून दोन ठिकाणी कापडातून आत सोडला. दुसऱ्या दिवशी पाहते तर कापड पुन्हा खाली आणि वर बटणाएवढे दोन काळपट डाग कायमचे. म्हणून आता हात आवरलाय. काही न काढता हे नीट होऊ शकतं का? आणि काढायचंच झालं तर एवढा मोठा आख्खा तुकडा एवढ्याशा गाडीतून न मोडता बाहेर येतो तरी कसा? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सविस्तर सांगा.

घाटरस्ता:
तात्पुरतं चालवायचं असेल तर स्क्रूसारख्या आटे असलेल्या, पारदर्शक डोक्याच्या टाचण्या मिळतात. त्या फिरवून बसवायच्या. कापड वर राहतं, आरसा मोकळा होतो. मी तीन महिने तशीच चालवली. फक्त दोन गोष्टी सांभाळा. टाचणी आखूड हवी, कारण वरचं बोर्ड जेमतेम काही मिलिमीटर जाड असतं आणि त्याच्या वर लगेच पत्रा. आणि दाराच्या वरच्या कडेला टाचण्या अजिबात नकोत. गाडीत कर्टन एअरबॅग (अपघातात बाजूच्या काचांवर पडद्यासारखी फुगणारी) असेल तर ती तिथेच घडी करून ठेवलेली असते.

तिसरा_गिअर:
ताई, गोंदाचा प्रयोग थांबवलात हे उत्तम केलंत. मी दोनदा छत उतरवलंय. पहिल्या वेळी नेमकी तुमच्यासारखीच समजूत होती की गोंद सुटलाय, तर गोंद लावू. पण सुटतो तो गोंद नव्हे.

छताचे तीन थर असतात. आपल्याला दिसतं ते विणीचं कापड. त्याच्या पाठीला साधारण ३ मिलिमीटरचा फोम. आणि हा फोम ज्यावर चिकटवलेला असतो ते साच्यातून काढलेलं कडक बोर्ड, कुठे दाबलेल्या तंतूंचं, कुठे फायबरग्लासचं. कापड अजून फोमला धरून असतं, बोर्डालाही फोमचा पातळ थर चिकटलेला असतो, पण मधल्या मध्ये फोमच कुजतो. तो पॉलीयुरेथेनचा. वर्षानुवर्षं ऊन आणि हवेतला दमटपणा लागला की त्याचे आतले बंध तुटतात आणि भुगा होतो. कपाटात बरीच वर्षं ठेवलेला बूट एक दिवस पायात घालावा आणि चार पावलांत तळवा गळून पडावा, तशातलाच प्रकार. खांद्यावर पडलेली नारिंगी भुकटी म्हणजे तो फोम. तुम्ही सोडलेला गोंद कापडाला भुकटी चिकटवत होता, बोर्डापर्यंत तो पोचलाच नाही.

खात्री करायची असेल तर जिथे कापड अजून घट्ट दिसतंय तिथे अंगठ्याने दाबून किंचित सरकवा. खाली वाळूवर बोट फिरवल्यासारखं करकरलं तर तोही भाग जाणारच. मी पहिल्या वेळी फक्त लोंबणारा मागचा अर्धा भाग उलगडून चिकटवला होता. चार महिन्यांत पुढचा अर्धा खाली आला. त्यामुळे सगळं उतरवा, दुसरा मार्ग नाही.

आता उतरवण्याबद्दल. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा आणि मॅन्युअलमध्ये एअरबॅगसाठी जितका वेळ थांबायला सांगितलंय तितका थांबा. पिवळे कनेक्टर दिसले की समजायचं ते एअरबॅगचे, त्यांना ओढाताण नको. मग सनव्हायझर, दिवा, हाताच्या मुठी, पुढच्या काचेच्या खांबांवरची प्लास्टिक ट्रिम, मागच्या बाजूच्या पट्ट्या, आणि दाराचं बिडिंग (कडेची रबरी पट्टी) फक्त वरच्या कडेपुरतं खाली ओढा. क्लिपा काढायला प्लास्टिकचीच पट्टी वापरा, स्क्रूड्रायव्हरने खुणा पडतात. जुन्या क्लिपा तुटतात, आणि एअरबॅगवरच्या ट्रिमच्या काही क्लिपा तर एकदाच वापरायच्या असतात. त्या नवीन आणून ठेवूनच कामाला बसा.

बोर्ड बाहेर काढणं हाच स्पोर्ट्स कारमधला खरा कठीण भाग. मोठ्या गाडीत मागचं दार उघडून दोघं जण उभं धरून काढतात. आपल्याकडे ती जागा नाही. हॅच, म्हणजे काचेसकट वर उघडणारं मागचं दार, असेल तर तिथूनच काढायचं. पुढच्या दोन्ही सीट पार मागे झोपवा, जमलं तर ड्रायव्हरशेजारची सीट काढूनच टाका (सीटखालीही कनेक्टर असतात, ते सुटे असताना इग्निशन चालू करू नका, एअरबॅगचा दिवा लागून बसतो). एक जण आत पाठीवर पडून बोर्ड तळव्यांवर तोलतो, दुसरा मागून घेतो. कुठेही अडलं तर जोर लावायचा नाही, परत आत ढकलून कोन बदलायचा. बोर्ड सगळ्यात अशक्त असतं ते व्हायझरच्या भोकांपाशी आणि दिव्याच्या चौकोनापाशी. तिथे घडी पडली की नव्या कापडातूनही ती कायम दिसते.

बाहेर आल्यावर कापड एका हाताने सोलून निघतं. खाली उरतो तो चिकट नारिंगी थर. या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. मोकळ्या हवेत, मास्क आणि चष्मा लावून, नायलॉनच्या मऊ ब्रशने एकाच दिशेने घासा. तारेचा ब्रश घेतलात तर बोर्डाचे तंतू उपटून येतील. पाणीही नको, दाबलेल्या तंतूंचं बोर्ड वाकडं होतं. फायबरग्लासचं असेल तर हातमोजे हवेतच, नाहीतर दोन दिवस खाज जात नाही. ब्रश, मग व्हॅक्यूम, मग पुन्हा ब्रश. शेवटी उघडा तळहात पूर्ण बोर्डावर फिरवायचा आणि हाताला रंग लागतो का पाहायचं. लागला तर अजून झालेलं नाही. नवा गोंद भुकटीवर बसला तर दोन वर्षांनी तुम्ही पुन्हा हाच प्रश्न विचाराल.

गोंद उष्णता सोसणारा घ्या, डब्यावर हेडलायनरसाठी (म्हणजे गाडीच्या छताच्या आतल्या अस्तरासाठी) असं स्पष्ट लिहिलेला. कागदकामाचा साधा स्प्रे उन्हात मऊ पडतो. २०१८ साली अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी कडक उन्हात उभ्या गाड्या मोजल्या, तेव्हा तासाभरात डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सियसपर्यंत तापला होता. तुमच्या गाडीच्या तिरप्या काचा आणि तापलेला पत्रा धरा आणि मगच गोंद निवडा.

चिकटवताना कापड बोर्डावर कोरडंच पसरून मध्यावर आणा. अर्धं मागे दुमडा. उघड्या बोर्डावर आणि फोमच्या पाठीवर, दोन्हीकडे स्प्रे मारा. डब्यावर सांगितलेला वेळ थांबा, बोट लावलं की चिकट लागावं पण बोटाला येऊ नये. मग मधून कडेकडे तळहाताने दाबत न्या. जिथे खळगा आहे तिथे आधी खळग्याच्या तळाशी कापड टेकवा आणि मगच पुढे सरका. ताणून नेलंत तर खळग्यावर कापड तंबूसारखं अधांतरी राहतं आणि पहिल्या उन्हात तिथूनच सुटतं. दुसरा अर्धा तसाच. कडेने तीनेक सेंटिमीटर कापड मागे वळवून चिकटवा आणि पूर्ण एक दिवस हलवू नका.

सुईदोरा:
वरचं सगळं बरोबर, कापडाबद्दल माझी भर. विणीचं कापड एका दिशेने जास्त ताणलं जातं. जास्त ताण देणारी बाजू खोल खळग्याच्या दिशेने ठेवा, आणि व्हायझरचं कापड बदलणार असाल तर तेही त्याच दिशेने कापा, नाहीतर उन्हात दोन छटा दिसतात.

बऱ्याच जणांना स्पोर्ट्स कारमध्ये स्वेडसारखं मऊ कापड हवं असतं. अल्कांतारा हे त्यातलं प्रसिद्ध नाव. १९७० मध्ये जपानच्या तोरे कंपनीतले मियोशी ओकामोतो यांनी ते शोधलं. चामडं नाही, अतिसूक्ष्म पॉलिएस्टर तंतू आणि पॉलीयुरेथेन. दिसायला फार देखणं, पण फोमशिवायचं घेतलंत तर बोर्डावरचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. पहिल्यांदा करताय तर ३ मिलिमीटर फोमवालं साधं विणीचं कापडच घ्या. याहून जाड फोम नको. दोष झाकतो खरा, पण कडेला बिडिंग नीट बसत नाही.

आणि हे वाचणाऱ्या कोणाकडे १९६५ ची मस्टंग किंवा तसल्या काळातली गाडी असेल तर ही पद्धत लागू नाही. तिथे बोर्डच नसतं. कापडाला शिवलेल्या नळ्यांतून लोखंडी सळया जातात आणि त्या छताला टांगतात. ते शिवणकामाचं कसब आहे, त्यासाठी चर्चेचा वेगळा धागा काढा.

दोनदारी:
तिसरा_गिअर दादा, सुईदोरा, मनापासून आभार. दोन रविवार लागले.

बोर्ड हॅचमधून आलं, पण तिसऱ्या खेपेला. पहिल्या दोन वेळा मी आतून घाई करत होते. डाव्या व्हायझरच्या भोकापाशी बोटभर तडा आधीपासूनच होता. मागच्या बाजूने फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन लावून तो बसवला. रेझिनचा थेंब आधी कोपऱ्यात टाकून पाहिला, बोर्ड विरघळत नाही ना म्हणून.

भुगा अर्धी बादली निघाला. तळहाताची कसोटी चौथ्या वेळी उतरली. पहिल्या तिन्ही वेळा हात स्वच्छ दिसायचा, पण पांढऱ्या कपड्यावर पुसला की पिवळी रेघ उमटायची. मग तीच कसोटी धरली.

एका जागी चुकले. दिव्याच्या मागच्या खळग्यात कापड अधांतरी राहिलं. गोंद ताजा होता म्हणून तेवढा भाग अलगद उचलून पुन्हा तळाशी दाबला, आता दिसत नाही. बाबांना शेजारी बसवून फेरी मारली. ते आधी बराच वेळ छताकडे बघत होते, मग आरसा स्वतःच्या बाजूला वळवला आणि मागची पूर्ण काच बघून परत माझ्याकडे वळवला.

एक शंका राहिलीय. हॅचच्या बिडिंगखाली मागची कड जात नाही, दुमडलेलं कापड जाड होतंय.

तिसरा_गिअर:
दुमडीच्या आतल्या बाजूचा फोम धारदार ब्लेडने खरवडून काढा, नुसतं कापड ठेवा. मग पुन्हा चिकटवा आणि बिडिंग मधल्यापासून कोपऱ्याकडे दाबत न्या. बसेल.