बाबांच्या वहीतलं गाणं एका बुधवारी गायब कसं झालं?

रामबागची_लेक
बाबांची ट्रंक आवरताना एक लांबट वही निघाली. दर बुधवारी रात्री आठला श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनवर सिनेगीतांची बिनाका गीतमाला लागायची, तिची पायदानं, म्हणजे गाण्यांचे क्रमांक, ते लिहून ठेवत. आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या वाड्यात रेडिओ एकाच बिऱ्हाडात होता. बाकीचे ओट्यावर बसून ऐकायचे. बाबा कंदिलाजवळची जागा धरून बसत, असं आत्या सांगते.

प्रत्येक गाण्यापुढे दर आठवड्याची एक उभी रेघ आणि तिच्याखाली पायदानाचा आकडा. तेरा, अकरा, अकरा, नऊ, सहा. गाणं पायरी पायरीने चढतं. माझ्या मुलाच्या मोबाइलवरच्या यादीत असं चढणं दिसतच नाही. शुक्रवारी अल्बम आला की शनिवारी अव्वल, महिन्याभरात बेपत्ता. असं का?

आणि दुसरं. एक गाणं दुसऱ्या पायदानावर होतं, पुढच्या बुधवारी त्याचं नावच नाही! घसरलं असतं तर पाचवं-सातवं तरी दिसलं असतं. अशा गाण्यांच्या शेवटी बाबांनी धोतऱ्याचं फूल काढलंय. त्याचाही अर्थ लागत नाही.

राजवाडा_कॅसेट
ताई, वही जपून ठेवा. राजवाड्यामागच्या बोळात एकोणीस वर्षं माझं कॅसेटचं दुकान होतं, त्यामुळे चढण्या-उतरण्याबद्दल थोडं सांगू शकतो.

गीतमाला १९५२ साली सुरू झाली. आकाशवाणीने तेव्हा सिनेसंगीत जवळजवळ बंद केलं होतं, म्हणून सगळा देश सिलोनकडे वळला. निवेदक अमीन सयानींनी क्रम लावायला आधी दुकानांतल्या रेकॉर्डविक्रीचा आधार घेतला. पण गाणं फार चाललं की रेकॉर्डच संपायच्या. माल नाही म्हणून विक्री नाही, आणि विक्री नाही म्हणून गाणं खाली! मग गावोगावच्या श्रोता संघांची पसंती जोडली गेली. ही अडचण मी दुकानात रोज पाहिली आहे. ज्या कॅसेटसाठी दिवसाला चाळीस माणसं परत जात, तिची त्या दिवशीची विक्री शून्य.

उलटंही होई. एका कंपनीचा माणूस पेट्याच्या पेट्या टाकून जायचा. दुकानदारांनी किती उचलल्या तोच आकडा वर कळवला जाई. त्यातल्या अर्ध्या दोन महिन्यांनी परत जात, पण तोवर जाहिरात छापून झालेली असे. म्हणून सांगतो, यादी बघताना आधी विचारावं की मोजलं काय.

चढण हळू असायची, कारण गाणं पोचायलाच वेळ लागे. सिनेमाच्या प्रिंटा मोजक्या. मुंबईत लागलेला सिनेमा आमच्या रीगलला येईपर्यंत किती आठवडे जात. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ ला लागला तेव्हा सुरुवातीला थंडच होता. लोकांनी एकमेकांना सांगत सांगत तो उचलला आणि मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. आज एकाच शुक्रवारी हजारो पडदे. सोमवारी गर्दी टिकली नाही की पुढच्या शुक्रवारी शोच काढून घेतात. एकमेकांना सांगायला लोकांना सवडच मिळत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आकडेवाला_सुदामानगर
काका, अमेरिकेतही हेच. बिलबोर्ड हे तिथलं संगीताचं मासिक १९९१ पर्यंत दुकानदारांना विचारून अल्बमची यादी करायचं. त्या मे महिन्यात बारकोडवरून खरी विक्री मोजायला लागले आणि अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर उतरायला लागले. आता तर ऐकणंही मोजतात. पहिल्या रात्री चाहते पूर्ण अल्बम ऐकून काढतात, सगळा जोर तिथेच लागतो.

ताई, ‘गायब’ होण्याचा एक किस्सा. मायकल जॅक्सन जून २००९ मध्ये गेला. त्याच्या जुन्या अल्बमची विक्री यादीतल्या पहिल्या अल्बमपेक्षाही जास्त झाली, पण मुख्य यादीत ते नव्हतेच. जुन्या अल्बमना तिथे मनाई होती. वर्षाअखेरीस तो नियम बदलला. म्हणजे यादीबाहेर जाणं म्हणजे पडणंच असं नाही. तुमच्या वहीतही असाच एखादा नियम असणार.

राजवाडा_कॅसेट
अरे, तेच सांगायचं राहिलं! ठरावीक आठवडे पूर्ण केले की गाण्याला ‘सरताज गीत’ म्हणून मान मिळे आणि ते स्पर्धेतून निवृत्त होई. त्या वेळी बिगुल वाजे. ओट्यावरची पोरं तोंडाने तो वाजवत घरी जायची. ताई, फूल असलेल्या गाण्यांपुढच्या रेघा मोजून बघा.

रामबागची_लेक
मोजल्या. एकाच वर्षातल्या सगळ्या फुलांच्या गाण्यांना रेघा अगदी सारख्या आहेत. वही आडवी धरली तर ते फूल नाहीच. निमुळती नळी, पुढे पसरलेलं तोंड आणि त्यातून निघालेल्या तीन बारीक रेषा, आवाजाच्या. आत्याला फोन करून विचारलं. ती फोनवरच तोंडाने बिगुल वाजवायला लागली.